राष्ट्रीय अभिलेखागारात जुना नकाशा कसा शोधावा आणि कसा पाहावा

जुन्या नकाशाचा शोध बहुतेकदा पहिल्या पाच मिनिटांतच चुकतो. अभिलेखागाराच्या पोर्टलवर जाऊन शोधपट्टीत गावाचं नाव टाकलं जातं. दोन-तीन निरुपयोगी नोंदी दिसतात आणि ‘आमच्या भागाचा नकाशा तिथे नाही’ असा निष्कर्ष निघतो. नकाशा तिथे असू शकतो, फक्त तो गावाच्या नावाखाली ठेवलेला नसतो. तो काढणाऱ्या कचेरीच्या नावाखाली, ज्या कामासाठी काढला त्या फाइलमध्ये किंवा एखाद्या शीट क्रमांकाखाली असतो. अभिलेखागारात कागद विषयानुसार लावत नाहीत. ज्या खात्याकडून ते आले त्या खात्याच्या क्रमानेच ते राहतात. हे ध्यानात ठेवून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमाने करा. क्रम मोडला तर वाचन कक्षात बसून घरचा अभ्यास करायची वेळ येते.

## १. आधी प्रश्न लिहा, मग कचेरी ओळखा

‘मला जुना नकाशा हवा आहे’ एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे ते एका वाक्यात लिहा. नदीचं पात्र कुठून वाहत होतं? किल्ल्याच्या तटाबाहेर वस्ती कधी झाली? दोन संस्थानांची हद्द कोणत्या टेकडीवरून जात होती? प्रत्येक प्रश्नाचा नकाशा वेगळ्या खात्याने काढलेला असतो.

मग स्वतःला विचारा की त्या काळात ही गोष्ट कागदावर मांडण्याची गरज कोणाला होती. तट, छावणी, दारूकोठार हा लष्कराचा विषय. संस्थानांच्या हद्दी परराष्ट्र किंवा राजकीय खात्याच्या. पूल, कालवे आणि सरकारी इमारती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, तर बंदर आणि खाडी सागरी सर्वेक्षणाच्या. शेतांच्या हद्दींचं काम महसूल आणि मोजणी खात्याचं.

लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात हे स्पष्ट दिसतं. युद्ध कचेरीचे नकाशे डब्ल्यूओ ७८ या मालिकेत, परराष्ट्र कचेरीचे एफओ ९२५ मध्ये आणि वसाहत कचेरीचे सीओ ७०० मध्ये आहेत. एकाच बंदराचे नकाशे या तिन्हींत निघू शकतात, आणि तिन्ही वेगळ्या कारणांसाठी काढलेले असतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा नकाशा विभाग मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथे आहे. तिथे ‘रेकॉर्ड ग्रुप’ म्हणजे खातेनिहाय गट असतात. किनारा सर्वेक्षण गट २३ मध्ये, सरकारी जमिनींचं खातं गट ४९ मध्ये, लष्करी अभियंते गट ७७ मध्ये.

थांबा, तपासा: हा कागद राष्ट्रीय पातळीवरच असेल का? शेताच्या बांधाचा वाद असेल तर बहुधा नाही. भारतात गावनकाशे, टिपणं आणि फाळणी नकाशे भूमी अभिलेख खात्याच्या कार्यालयांत असतात. त्यासाठी दिल्ली गाठण्यात वेळ घालवू नका. प्रांतिक सरकारच्या पातळीवर संपलेला विषय राज्याच्या पुराभिलेखागारात सापडण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारकडे मंजुरीसाठी, तक्रारीसाठी किंवा हद्दवादासाठी गेलेलं प्रकरण मात्र राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावं.

## २. नावांची यादी करा

पोर्टल उघडण्याआधी कागदावर एक यादी तयार हवी. तिच्यात ठिकाणाची सगळी जुनी स्पेलिंगं लिहा. पुण्यासाठी ‘पूना’, साताऱ्यासाठी दोन टी असलेलं ‘सट्टारा’, ठाण्यासाठी ‘टॅना’. एकोणिसाव्या शतकातला कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहायचा आणि सूची करणाऱ्याने ते तसंच उतरवून घेतलं.

पण खरा उपयोग होतो तो पुढच्या नावांचा: त्या काळचा तालुका, जिल्हा, इलाखा किंवा संस्थान, जवळची नदी, घाट, रेल्वे स्थानक, शेजारचं मोठं गाव. लहान गावाचं नाव सूचीत सहसा येत नाही. ‘अमुक नदीवरच्या प्रस्तावित पुलाचा आराखडा’ असं मात्र येतं. ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवा, चौथ्या पायरीत लागतील.

तारखेबाबत सैल राहा. घटना १८७२ ची असली तरी शोध १८६० ते १८९० असा ठेवा. नकाशा आधीच्या मोजणीचा असतो, फाइल पुढे अनेक वर्षं चालू राहते आणि सूचीत यांपैकी कुठलीही तारीख पडलेली असते.

## ३. सूचीत वरून खाली उतरा

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून सावकाश जाऊ.

अभिलेखागाराची सूची पायऱ्यांची असते. वर खातं, त्याखाली मालिका, मालिकेत फाइल किंवा खंड, आणि फाइलच्या आत सुटा कागद. शोधपट्टीला फक्त लिहिलेलं वर्णन दिसतं. लाखो नकाशांचं सुटं वर्णन आजवर कोणी लिहिलेलंच नाही. ते फाइलच्या आत घडी घालून पडलेले आहेत आणि सूचीत फक्त फाइलचं शीर्षक आहे. म्हणून शोध दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

अ) शब्दांनी. ठिकाणाच्या नावासोबत इंग्रजीत मॅप, प्लॅन, चार्ट, स्केच, ट्रेसिंग, सेक्शन, सर्व्हे हे शब्द एकेक करून टाका. फक्त ‘मॅप’ टाकलात तर इमारतींचे आराखडे, पुलांचे छेद आणि बंदरांचे सागरी तक्ते सुटतात. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवरही हाच नियम पाळा. तिथे फाइलचं शीर्षक शोधावं लागतं, आणि शीर्षकात नकाशाचा उल्लेख असेलच असं नाही.

आ) मालिका चाळून. पहिल्या पायरीत ओळखलेल्या खात्याची मालिका उघडा आणि तुमच्या काळातल्या नोंदी ओळीने वाचत जा. कंटाळवाणं काम आहे, पण शब्दशोधात न सापडलेले नकाशे इथेच हाती लागतात. ब्रिटिशकालीन भारत सरकारच्या खात्यांच्या वार्षिक अनुक्रमणिका यासाठी फार उपयोगी आहेत. त्यांत विषयवार नोंदी असतात, आणि तिथून प्रोसीडिंग्जचा, म्हणजे खात्याच्या कामकाजाच्या क्रमवार नोंदींचा, महिना व क्रमांक मिळतो. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही वर्गांच्या प्रोसीडिंग्ज पाहा. ‘ब’ वर्ग किरकोळ समजून सोडून देऊ नका.

इ) छापील आणि हस्तलिखित सूची. संगणकीय कॅटलॉग म्हणजे संपूर्ण सूची नव्हे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १७०० ते १९०० या काळातल्या ऐतिहासिक नकाशांची राष्ट्रीय अभिलेखागाराने वेगळी छापील सूची काढली आहे. वाचन कक्षातल्या कर्मचाऱ्यांना ‘या खात्याच्या नकाशांसाठी अजून कोणत्या सूची आहेत?’ असं थेट विचारा. ‘अमुक गावाचा नकाशा आहे का?’ या प्रश्नापेक्षा या प्रश्नाला बरंच चांगलं उत्तर मिळतं.

सावधान: वेगळे काढलेले नकाशे. मोठे नकाशे फाइलमध्ये घडी घालून ठेवल्यास फाटतात. त्यामुळे अनेक अभिलेखागारांनी ते काढून सपाट कपाटांत ठेवले आणि त्यांना नवा क्रमांक दिला. क्यूमध्ये वसाहत कचेरीच्या फाइलींतून काढलेले नकाशे एमपीजी मालिकेत आणि युद्ध कचेरीचे एमपीएच मालिकेत गेले. म्हणजे एका नकाशाला दोन पत्ते: आजचा, आणि तो जिथून निघाला त्या फाइलचा. सूचीतल्या नोंदीत जुना क्रमांक कुठे दिला आहे ते शोधून लिहून घ्या. उलट, फाइलमध्ये ‘सोबत नकाशा’ असं लिहिलेलं असून तो जागेवर नसेल, तर हरवला असं मानण्याआधी काढून ठेवलेल्या नकाशांची मालिका बघा.

## ४. मालिकेतला नकाशा असेल तर आधी शीट क्रमांक काढा

सलग सर्वेक्षणाचे नकाशे चौकोनांत तोडलेले असतात आणि क्रमांकानेच सापडतात. सर्व्हे ऑफ इंडियाची विसाव्या शतकात रुळलेली पद्धत अशी आहे. चार अंश लांब-रुंद चौकोनाला एक आकडा. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी ए ते पी ही अक्षरं. त्या प्रत्येकाचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा भाग, त्यांना १ ते १६ क्रमांक. अक्षरं आणि क्रमांक दोन्ही वरून खाली उतरतात, मग उजवीकडच्या स्तंभात जातात. शीट मोजताना गोंधळ होतो तो इथेच, कारण आपण सवयीने डावीकडून उजवीकडे मोजतो.

नागपूर साधारण २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. ७६ ते ८० पूर्व आणि २० ते २४ उत्तर हा चौकोन ५५ क्रमांकाचा. त्यात ७९ ते ८० हा चौथा स्तंभ, वरून एम, एन, ओ, पी. २१ ते २२ अंशांची पट्टी ‘ओ’ मध्ये. ‘ओ’ चा पहिला स्तंभ १ ते ४. २१ ते २१.२५ ही सर्वांत खालची पट्टी, म्हणजे ४. शीट झाली ५५ ओ/४. एक इंचाला एक मैल या प्रमाणाचा नकाशा हवा असेल तर हा क्रमांक मागायचा.

थांबा, तपासा: त्याआधीच्या प्रांतिक मालिकांचे क्रमांक वेगळे होते. एकोणिसाव्या शतकातल्या शीटसाठी आजचा क्रमांक मागू नका, त्या मालिकेची अनुक्रम शीट, म्हणजे कुठली शीट कुठे येते ते दाखवणारा तक्ता, मागा. आणि ठिकाण शीटच्या कडेला येत असेल तर शेजारची शीटही त्याच वेळी मागवा.

## ५. नकाशाची जोडीदार वही शोधा

काही नकाशे एकटे मुके असतात. त्यांवर फक्त आकडे असतात आणि आकड्यांचा अर्थ दुसऱ्या मालिकेतल्या वहीत असतो.

इंग्लंड-वेल्सचे १८३६ च्या कायद्यानंतरचे टाइद (चर्चला द्यायच्या दशांशाचे) नकाशे हे याचं उत्तम उदाहरण. नकाशे आयआर ३० मध्ये, वाटपाच्या नोंदवह्या आयआर २९ मध्ये. नकाशावर शेताला नुसता क्रमांक असतो. मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक आणि क्षेत्र वहीत. तसंच १९१० च्या जमीन मूल्यांकनाचं: नकाशे आयआर १२१ ते १३५ या मालिकांत, पाहणीच्या वह्या आयआर ५८ मध्ये. नकाशा आधी बघावाच लागतो, कारण वहीतला क्रमांक त्याच्याशिवाय कळत नाही.

फाइलमधल्या नकाशाबाबत तर हे अधिकच खरं. कागदावर तळं दाखवलं आहे, पण ते होतं की होणार होतं? सरकारी फाइलींत न झालेल्या कामांचे असंख्य सुबक आराखडे आहेत. प्रस्तावित काम पुष्कळदा लाल रेषेने दाखवलेलं असतं, पण ती खूण पुरेशी नाही. मंजुरीचं आणि खर्चाचं पत्र फाइलमध्ये वाचल्याशिवाय ‘इथे १८८० मध्ये पूल होता’ असं लिहू नका. नुसत्या आराखड्यावरून बांधकाम झाल्याचं गृहीत धरणं ही जुन्या नकाशांच्या अभ्यासातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

## ६. जाण्याआधी विचारून घ्या

आधी एक सविस्तर ई-मेल पाठवा. त्यात पूर्ण संदर्भ क्रमांक द्या आणि पुढच्या गोष्टी विचारा.

- वाचकपत्रासाठी कोणती ओळखपत्रं आणि शिफारसपत्र लागतं?
- हा नकाशा मुख्य इमारतीत आहे की बाहेरच्या साठवणुकीत? किती दिवस आधी मागणी करायची?
- मूळ प्रत मिळेल की स्कॅन वा मायक्रोफिल्मच बघावी लागेल?
- त्यावर काही निर्बंध आहेत का? सीमावर्ती आणि किनारी भागांबद्दल हे आवर्जून विचारा.
- मोठे नकाशे पाहण्यासाठी वेगळी खोली आणि वेळ आहे का?
- स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो घेता येतात का?

स्कॅन उपलब्ध असेल तर आधी तोच पूर्ण अभ्यासा. मूळ कागद फक्त स्कॅनवर न दिसणाऱ्या गोष्टींसाठी मागा: पाठीमागची नोंद, खोडलेली रेषा, वरून चिकटवलेली चिठ्ठी, रंगाची छटा.

## ७. मागणी चिठ्ठी अचूक भरा

खातं, शाखा, वर्ष, महिना, प्रोसीडिंग किंवा फाइल क्रमांक, आणि नकाशाला सुटा क्रमांक असेल तर तोही. यातला एक भाग गळला तरी चिठ्ठी परत येते. एका दिवशी किती मागण्या करता येतात याला मर्यादा असते, म्हणून सर्वांत महत्त्वाचा नकाशा आणि त्याची फाइल पहिल्याच फेरीत मागा.

चिठ्ठी ‘नाही’ म्हणून परत आली तर तिच्यावरचा शेरा नीट वाचा. ‘अभिलेखागाराकडे हस्तांतरित नाही’, ‘जीर्ण आहे’ आणि ‘जागेवर नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात मूळ खात्याकडे विचारा, दुसऱ्यात प्रतिरूप मागा, तिसऱ्यात क्रमांक तपासून काही दिवसांनी पुन्हा मागणी करा.

## ८. टेबलावर: कागद आधी, प्रश्न नंतर

फक्त शिसपेन्सिल जवळ ठेवा. हात धुवून कोरडे करा. कागदी नकाशाला हातमोजे सहसा लागत नाहीत, उलट बोटांचा अंदाज जाऊन कागद फाटतो. मोठी गुंडाळी एकट्याने उलगडू नका, कर्मचाऱ्याची मदत घ्या. कडा दाबायला अभिलेखागाराचीच वजनं वापरा. घडीचा नकाशा जुन्या घडीवरच उघडा आणि मिटा. बोट किंवा पेन्सिल रेषेवरून फिरवू नका आणि नकाशावर कागद ठेवून ट्रेस करू नका. जवळून बघायचंच असेल तर पारदर्शक संरक्षक आवरण मागा.

दोन प्रकारांत विशेष काळजी घ्या. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेली ब्लूप्रिंट उजेडाने फिकी पडते. काम झालं की लगेच झाका. जुन्या हस्तरंगीत नकाशांतला तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागदाला आतून खातो. हिरव्या पट्ट्याच्या कडेला तपकिरी डाग किंवा चीर दिसली तर नकाशा हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा.

## ९. वाचनाची सुरुवात समासापासून

नकाशा समोर आला की नजर थेट आपल्या गावावर जाते. ती आवरा आणि आधी समास वाचा.

तारखा. मोजणीची, रेखाटनाची, छपाईची आणि दुरुस्तीची तारीख वेगवेगळी असू शकते. जुन्याच मोजणीवर नवी रेल्वे तेवढी चढवून नकाशा पुन्हा छापण्याची पद्धत सर्रास होती. त्यामुळे रेल्वे १९१० ची असली तरी शेजारची वस्ती चाळीस वर्षांपूर्वीची असू शकते. नकाशातल्या प्रत्येक गोष्टीला एकच तारीख लावू नका.

प्रमाण. एक इंचाला एक मैल म्हणजे १:६३,३६०. मैलाला सहा इंच म्हणजे १:१०,५६०. ‘इंचाला २० साखळ्या’ असं लिहिलं असेल तर साखळी, म्हणजे जमीन मोजायची साखळी, कोणती ते आधी ठरवा. गंटर साखळी ६६ फुटांची, म्हणून प्रमाण १:१५,८४०. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत ३३ फुटांची साखळीही वापरात होती. ती धरली तर प्रत्येक अंतर निम्मं होतं. आणि मोजताना छापलेल्या आकड्यावर नाही, नकाशावरच्या प्रमाणपट्टीवर भरवसा ठेवा. कागद आणि कापड दमट हवेत ताणतं-आकसतं, तेही दोन्ही दिशांना सारखं नाही. पट्टी मात्र नकाशासोबतच ताणली-आकसलेली असते.

रेखांश. ग्रीनिच हा शून्य रेखांश मानायचं १८८४ च्या परिषदेत ठरलं, आणि सगळ्यांनी ते लगेच पाळलं नाही. पॅरिसपासून मोजलेले रेखांश ग्रीनिचपेक्षा सुमारे २ अंश २० मिनिटांनी वेगळे असतात. समासात मूळ रेखांशाचा उल्लेख शोधा.

खुणा आणि उत्तर. चिन्हसूची नसेल तर त्याच मालिकेच्या दुसऱ्या शीटवरची पाहा. उत्तरेचा बाण चुंबकीय उत्तर दाखवतो की खरी, हे न तपासता दिशा सांगू नका. सागरी तक्त्यावरचे आकडे फॅदममध्ये की फुटांत, तेही पाहा. एक फॅदम म्हणजे सहा फूट.

नकाशाची पाठ. सह्या, शिक्के, फाइल क्रमांक, कधी ‘मूळ प्रत अमुक कचेरीकडे परत’ अशी नोंद पाठीमागे असते. पुढच्या शोधाचा धागा अनेकदा तिथूनच मिळतो.

## १०. फोटो आणि नोंद एकाच बैठकीत

पहिला फोटो संदर्भ क्रमांकाच्या चिठ्ठीसह, दुसरा संपूर्ण नकाशाचा, मग समास, प्रमाणपट्टी, शिक्के, आणि शेवटी तपशील. तपशिलाचे फोटो एकमेकांवर थोडे चढतील असे घ्या, कॅमेरा कागदाला समांतर ठेवा आणि कडेला मोजपट्टी येऊ द्या. मोजपट्टीविना घेतलेल्या फोटोवरून मापं काढता येत नाहीत.

क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा आजच्या भूगोलावर बसवायचा असेल तर न हललेल्या जागा टेबलावरच निवडून ठेवा: देवळाचा कळस, जुन्या पुलाची टोकं, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची स्थानकं. नदीकाठ आणि समुद्रकिनारा संदर्भबिंदू म्हणून घेऊ नका. साध्या बसवणीला किमान तीन बिंदू लागतात, पण चूक ओळखायची तर दहा-बारा हवेत, तेही नकाशाभर पसरलेले.

नोंदीत अभिलेखागाराचं नाव, मालिका आणि क्रमांक, नकाशावर जसं आहे तसं शीर्षक, काढणारा, मोजणीची व छपाईची तारीख, प्रमाण, हाताने काढलेला की छापील, आणि मूळ फाइलचा क्रमांक हे सगळं यावं. प्रकाशनासाठी किंवा कोर्टासाठी प्रत हवी असेल तर स्वतःचा फोटो चालत नाही. निघण्याआधीच प्रमाणित नकलेचा किंवा प्रकाशन परवानगीचा अर्ज भरून द्या.

## ११. नकाशा मिळालाच नाही तर

सरकारी नकाशाची सहसा एकच प्रत नसे. टाइद नकाशांच्या तीन प्रती होत: एक आयुक्तांकडे, एक धर्मप्रांताकडे, एक पॅरिशकडे (स्थानिक चर्चच्या हद्दीकडे), तिसरी आज अनेकदा परगण्याच्या अभिलेखागारात मिळते. भारतातल्या सर्वेक्षणांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या कचेरीच्या, दप्तरात आहेत. तेव्हा कागद कोणी काढला यासोबतच तो कोणाकोणाला पाठवला हे शोधा. फाइलमधल्या पत्राच्या शेवटी ‘प्रत रवाना’ अशी ओळ असते, तिच्यातली कचेऱ्यांची नावं उतरवून घ्या आणि प्रत्येकासाठी तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.